रेडिओच्या जाहिरातीत बाबांचाच आवाज ठेवू का?

अंत्रुजची_लेक | ३ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. खूप दिवस वाचनमात्र होते, आज मदत हवी आहे म्हणून धागा काढते आहे.

फोंड्याला आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. समया, निरांजनं, घंगाळं, पूजेची ताटं. बाबा एकेचाळीस वर्षं गल्ल्यावर बसतात, मी गेली सहा वर्षं त्यांच्याबरोबर आहे. यंदा चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी तीन आठवडे रेडिओवर तीस सेकंदांचा स्पॉट द्यायचा ठरवलं. जाहिरात करून देणाऱ्या एजन्सीने मुंबईच्या कलाकाराचा नमुना आवाज पाठवला. आवाज गोड आहे, दोष काढायला जागा नाही. मजकूर असा: "परंपरा आणि पावित्र्याचा सुरेख संगम, आपल्या मंगल क्षणांचा तेजस्वी सोबती..."

बाबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हो कोण? हाका आमचें दुकान खंय आसा तें तरी खबर आसा?" (हा कोण? ह्याला आमचं दुकान कुठे आहे ते तरी माहीत आहे का?) मग म्हणाले, मीच बोलतो.

एजन्सीचं म्हणणं, मालकाचा आवाज हौशी वाटतो, दुकान लहान दिसतं. बाबा सदुसष्ट वर्षांचे आहेत, आवाज किंचित घोगरा आहे, मराठीला अंत्रुजी, म्हणजे आमच्या फोंड्याकडच्या, कोकणीचा हेल आहे. मला वाटतं त्यांनी बोलावं. पण हे वाटणं मुलीचं आहे की दुकान चालवणारीचं, ते मलाच सांगता येत नाही. ज्यांनी असं केलंय किंवा असं ऐकून खरेदी केलीय, त्यांनी मोकळेपणाने सांगा.

---

मांडवीकाठचा_श्रोता | ३ जुलै, रात्री १०:२५

बाबांना बोलू द्या, पण "वाचू" देऊ नका. मला जे सांगायचंय ते एवढंच, कारण मात्र थोडं लांबून येतं.

आमच्या पिढीचे कान पणजी आकाशवाणीवर घडले. माझे वडील त्याआधीचं 'एमिसोरा द गोवा'ही सांगायचे, पोर्तुगीज काळात १९४६ साली सुरू झालेलं. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय विमानांनी बांबोळीच्या केंद्रावर बॉम्ब टाकले आणि तो आवाज बंद पडला, हे आमच्या घरात आजी गेल्याच्या तारखेसारखं पाठ होतं. पुढे त्याची आकाशवाणी झाली. रेडिओवर बोलणारा माणूस म्हणजे कोणीतरी मोठा, स्वच्छ, कोणत्याच गावचा नसलेला, हे मनात तेव्हापासून बसलं. विविध भारतीवर जाहिराती आल्या १९६७ च्या नोव्हेंबरात, मुंबई-पुणे-नागपूरपासून. दूरदर्शनवर १९७६ च्या जानेवारीत. त्याच्याही आधी, १९५२ पासून, रेडिओ सिलोनवरून अमीन सयानींनी अख्ख्या देशाला दाखवून दिलं होतं की मायक्रोफोनसमोर कसं बोलतात.

म्हणून साठीच्या पुढचा आपला कोणीही माणूस माईक दिसला की ताठ बसतो आणि स्वतःचा आवाज बाजूला ठेवून "रेडिओचा आवाज" काढतो. तुमचे बाबाही काढतील. तसं झालं तर तुमच्याकडे ना मुंबईचा कलाकार उरेल ना बाबा.

---

डबिंगवाला | ३ जुलै, रात्री ११:१०

मी पोटासाठी आवाज देतो, बारा वर्षं. त्यामुळे माझं मत एकतर्फी वाटेल, तरी लिहितो.

कमावलेला आवाज म्हणजे गोड आवाज नव्हे. रेडिओ ऐकणारा फोडणी घालत असतो, बसमध्ये असतो, बाहेर मुसळधार कोसळत असतं. त्या सगळ्यातून दुकानाचं नाव आणि गाव एकदाच ऐकून कानात राहिलं पाहिजे. शब्दाचं शेवटचं अक्षर गिळायचं नाही, श्वास वाक्याच्या मध्ये घ्यायचा नाही, तीस सेकंदांत घाई झालेली दिसू द्यायची नाही. हे शिकायला मला चार वर्षं लागली. मालक लोक एका दुपारी येतात, सहा टेक देतात, सातव्याला चिडतात.

आणि एक कटू गोष्ट. एका शोरूमच्या मालकांनी माझ्याकडून पूर्ण मजकूर तीन चालींत बोलून घेतला, "नमुना" म्हणून. मग तीच चाल धरून स्वतः बोलले. माझे पैसे आजतागायत आले नाहीत. पैशांपेक्षा मला दुःख ह्याचं आहे की ते माझी नक्कल करत होते. स्वतःचं बोलले असते तर कदाचित चांगलं झालं असतं.

माझी कसोटी सांगतो. मजकुरात "मी" असलेलं एखादं वाक्य आहे का, जे मी बोललो तर खोटं होईल? असेल तर मालकाने बोलावं. नसेल, नुसतं "भव्य दालन, विविध प्रकार, वाजवी दर" असेल, तर ते काम माझं आहे, मला द्या. तुमच्या "परंपरा आणि पावित्र्याचा संगम"मध्ये एकही "मी" नाही. तिथे बाबा बोलून काय करणार?

---

सावंतवाडीकरीण | ४ जुलै, सकाळी ७:०५

आम्ही हद्दीपलीकडचे, पण आमच्याकडे गोव्याचा रेडिओ लागतो आणि बाजारहाटाला म्हापसा जवळ. डबिंगवाला ह्यांच्या "मी"ला माझा पूर्ण पाठिंबा.

हेलाबद्दल मात्र लिहायलाच हवं. ताई, तो हेल पुसू नका. रेडिओवर सगळे एकाच मराठीत बोलतात, तीत गाव नसतं. मधेच कोणी आपल्या वळणाचं बोललं की हातातलं काम थांबतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नुस्तेकान्न (मासेवाली) हाक मारते, चण्याचे लाडू आणि खाजं विकणारा हाक मारतो. त्यांच्यासाठी दुसरं कोणी ओरडत नाही. हाकेवरून कळतं की माल कोणाचा.

---

वाळपईचा_काजूवाला | ४ जुलै, दुपारी २:३०

दोन हंगाम मी हेच केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचा काजू बियांचा छोटा कारखाना, शिवाय भट्टी. फेणीची जाहिरात रेडिओ-टीव्हीवर करता येत नाही, दारूला तिथे बंदीच आहे. २००९ साली गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी त्याने ह्यात फरक पडत नाही. तेव्हा बोलायचं ते फक्त काजूगराबद्दल.

पहिल्या वर्षी मी लिहून आणलेलं वाचलं. मांडवीकाठच्या श्रोत्यांनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं, मी माझ्यासारखा वाटतच नव्हतो. बायको म्हणाली, हे कोण भाषण करतायत? दुसऱ्या वर्षी नुसतं एवढंच बोललो की सालासकट भाजलेला गर आणि सोललेला गर ह्यांत चवीला काय फरक, आणि जुना गर वासावरून कसा ओळखायचा. जाहिरातीसारखं त्यात काहीच नव्हतं. फोन तेव्हा यायला लागले. मी "हॅलो" म्हटलं की समोरचा म्हणायचा, अरे तुम्हीच! पुढचं बोलणं अर्ध्यावरूनच सुरू व्हायचं.

तोटाही सांगतो. तोच स्पॉट दिवसातून दहादा वाजला की लोक कंटाळतात, आणि कंटाळा तुमच्या गळ्याचा येतो, कंपनीचा नाही. भाड्याच्या आवाजाला लोक विसरतात, तुम्हाला वाटेत गाठून सांगतात. तीन आठवड्यांसाठी एकच स्पॉट नको. दोन-तीन वेगवेगळे करून आलटून पालटून लावा. आणि फोन नंबर सांगत बसू नका, कोणी लिहून घेत नाही. दुकान कशाच्या समोर आहे ते सांगा.

---

आखाती_गोंयकार | ४ जुलै, रात्री ११:५०

दुबईहून. एक उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही, कारण इथे ते सगळ्यांना माहीत आहे.

अॅटलस ज्वेलरीचे रामचंद्रन. केरळचे, इथे सोन्याची दुकानं उभी केली. जाहिरातीत स्वतः दिसायचे आणि स्वतःच बोलायचे. कोट्यवधी लोकांची विश्वासू संस्था, अशा अर्थाचं मल्याळम वाक्य त्यांच्या खर्जातल्या संथ आवाजात इतकं रुजलं की मिमिक्रीवाले त्याची नक्कल करायचे. माझ्या खोलीतले मल्याळी सोबती बाजारात जाताना ते वाक्य म्हणायचे. पैसे देऊन असं होत नाही.

पण २०१५ साली कर्जाच्या प्रकरणात ते तुरुंगात गेले, २०१८ ला सुटले, २०२२ मध्ये वारले. त्या काळात तो आवाज आठवला की पोटात कालवायचं. दुकान अडचणीत आलं असं कोणी म्हणत नसे, "तो माणूस" अडचणीत आला म्हणत. दुकान आणि गळा एक झाले की एकाचं दुखणं दुसऱ्याला लागतंच. बाबांना हे आधी सांगून ठेवा.

अमेरिकेतली उदाहरणंही बघण्यासारखी आहेत. वेंडीज ह्या बर्गरच्या दुकानांचे संस्थापक डेव्ह थॉमस १९८९ पासून २००२ ला वारेपर्यंत आठशेहून जास्त जाहिरातींत आले. नट म्हणून ते अवघडलेलेच होते, लोकांना त्याचं काही वाटलं नाही. क्रायस्लर ही मोटार कंपनी बुडायला आली तेव्हा तिचे प्रमुख ली आयकोका स्वतः कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. गाडी कशी आहे ह्यापेक्षा कंपनी उद्या असेल का ही लोकांची भीती होती, तिला उत्तर फक्त प्रमुखच देऊ शकत होता. डबिंगवाला म्हणतात ती "मी"ची कसोटी इथेही लागू पडते.

---

पर्वरीकर | ५ जुलै, सकाळी ८:१५

मग एमडीएचचे गुलाटी आजोबा? सियालकोटहून फाळणीत आले, दिल्लीत टांगा हाकला, मग मसाले. ९७ व्या वर्षी, डिसेंबर २०२० मध्ये वारले, तोवर जाहिरातीत होतेच.

---

मांडवीकाठचा_श्रोता | ५ जुलै, सकाळी ९:००

@पर्वरीकर, उत्तम उदाहरण, पण ते चेहऱ्याचं. पगडी, मिशा, मोत्यांच्या माळा. डोळे मिटून त्यांचा आवाज आठवून पाहा बरं. मला आठवत नाही, त्यांचं गाणं आठवतं. रेडिओवर पगडी नसते. ताईंच्या बाबांना नुसत्या गळ्यावर उभं राहायचंय.

---

ग्राहकमित्र_मडगाव | ५ जुलै, दुपारी १२:४०

थोडं कायद्याचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. "गोव्यात एकमेव", "सर्वांत स्वस्त" असं काही म्हणणार असाल तर ते सिद्ध करता आलं पाहिजे. आकाशवाणीवर देणार असाल तर मजकूर आधी तपासला जातो. औषधवाल्यांना तर १९५४ चा कायदाच आहे, मधुमेह बरा करतो असं म्हणता येत नाही, मग आवाज कोणाचाही असो.

तुमच्यासाठी महत्त्वाचं: बाबा "बदलून देईन" म्हणाले तर काउंटरवरच्या प्रत्येकाला ते माहीत हवं. मालक रेडिओवर एक सांगतो आणि दुकानातला मुलगा "बिल कुठेय" म्हणून परत पाठवतो, अशा तक्रारी घेऊन लोक आमच्याकडे येतात. फसवलं गेल्याचा राग तेव्हा दुप्पट असतो, कारण वचन त्यांनी माणसाच्या तोंडून ऐकलेलं असतं.

---

अंत्रुजची_लेक | ६ जुलै, रात्री १०:००

सगळ्यांचे मनापासून आभार. देव बरें करूं.

डबिंगवाला, तुमच्या "मी"वर घरी दोन दिवस बोलणं चाललं. बाबांना विचारलं, असं काय आहे जे फक्त तुम्हीच म्हणू शकता? ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात एक बाई समई बघत होत्या. बाबांनी नेहमीप्रमाणे तिच्या वाटीत पाणी ओतलं आणि समई जुन्या वर्तमानपत्रावर ठेवली. मधल्या आट्यांच्या जोडातून तेल झिरपणारी समई असेल तर पाच मिनिटांत कागद ओला होतो. हे मी लहानपणापासून बघत आलेय, त्यामुळे ते दिसेनासं झालं होतं. तिथेच लिहून काढलं. दुकानाचं नाव इथे गाळते:

"नमस्कार. फोंड्याला एकेचाळीस वर्षं मी पितळेच्या समया विकतो. समई घेताना एक करा. तिच्यात पाणी भरा आणि कागदावर ठेवा. कागद ओला झाला, तर ती घेऊ नका. माझ्याकडची असली तरी घेऊ नका. आमच्याकडे पाणी मी स्वतः भरून दाखवतो. घरची जुनी भांडी असली तर घेऊन या, कल्हई करून देतो. बुधवारी दुकान बंद."

रेकॉर्डिंग मात्र जमलं नाही. फोनवर करून पाहिलं. बाबा खरंच ताठ बसून "नमस्कारऽ" म्हणाले. शिवाय स्वतःचा आवाज ऐकून फार खट्टू झाले. "इतको बारीक? हो म्हजो आवाज न्हय" म्हणत होते.

---

ध्वनिमुद्रक_म्हापसा | ७ जुलै, सकाळी ६:३०

मजकूर वाचून गप्प राहवलं नाही. हे मालकानेच बोलायचं आहे, वादच नको.

आधी बाबांची समजूत. बोलताना आपण स्वतःला दोन वाटांनी ऐकतो, हवेतून आणि कवटीच्या हाडांतून. हाडांतून खर्ज जास्त पोचतो, म्हणून आपला आवाज आपल्याला भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतला येतो. जगाने आजवर त्यांचा तोच "बारीक" आवाज ऐकलाय आणि त्यावरच एकेचाळीस वर्षं समया विकल्या गेल्यात.

आता काम. तुमचा मजकूर पन्नासच्या आसपास शब्दांचा आहे, तीस सेकंदांना सदुसष्ट वर्षांच्या माणसासाठी अगदी योग्य. कलाकार साठ-पासष्ट घालू शकतो, बाबांना घालायला लावू नका.

दुकानात रेकॉर्ड करू नका. भोवती सगळं पितळ, प्रत्येक भांडं आवाजाबरोबर गुणगुणतं. तुम्हाला ते जाणवणार नाही, माईकला जाणवेल. घरातली गाद्या-गोधड्यांची खोली निवडा, कपाट उघडं ठेवा, खिडकीवर जाड चादर. फ्रीज आणि पंखा बंद. जुलैचा महिना, मंगळुरी कौलांवर पाऊस पडत असेल तर कितीही महागडा माईक आणा, तो ऐकू येणारच, आणि उघडीप झाली की बेडूक. आमच्याकडे ह्या दिवसांत पहाटेची वेळ बरी पडते. माईक तोंडासमोर वीतभर अंतरावर, पण सरळ नाही, गालाच्या रेषेत थोडा बाजूला. नाहीतर "पितळ", "पाणी", "फोंडा", "भरा", सगळे प-फ-भ फुटतील, तुमच्या मजकुरात ते भरपूर आहेत.

आणि मुख्य गोष्ट. कागद काढून घ्या. बाबांच्या हातात खरी समई द्या, समोर तुम्ही गिऱ्हाईक म्हणून बसा आणि विचारा, "चांगली समई ओळखायची कशी?" तुमचा प्रश्न मी नंतर कापतो. मायक्रोफोनशी बोलणारा माणूस आणि माणसाशी बोलणारा माणूस ह्यांच्या श्वासातच फरक असतो. वीस मिनिटं बोलू द्या. तीस सेकंद त्यातून मी काढीन. कोमट पाणी जवळ ठेवा, दूध-दही आदल्या रात्रीपासून नको.

---

डबिंगवाला | ७ जुलै, सकाळी १०:२०

मजकूर वाचला. हे मी बोललो तर खोटं होईल. बाबांनीच बोलावं.

एकच सूचना. "माझ्याकडची असली तरी घेऊ नका" ह्यानंतर क्षणभर थांबू द्या. तिथे घाई करणारा मालक मी पुष्कळ पाहिला आहे. सगळ्यांत धाडसाचं वाक्य तेच असतं आणि तेच उरकून टाकायचं असतं. आणि कोकणीतही एक करा.

---

सावंतवाडीकरीण | ७ जुलै, दुपारी ३:४५

दोन्ही करा. फक्त कोकणी लिहून काढू नका, बाबा घरी बोलतात तशीच राहू दे. लिहायला घेतली की ती पुस्तकी होते.

---

अंत्रुजची_लेक | १९ जुलै, रात्री ९:१५

झालं. पहाटे पाच वाजता. ध्वनिमुद्रकांनी म्हापशाहून येऊन केलं, त्यांचे उपकार शब्दांत सांगता येणार नाहीत.

मी समोर बसून प्रश्न विचारत होते. आठव्या-नवव्या मिनिटाला बाबा विसरले की रेकॉर्डिंग चालू आहे. माझ्यावर रागावल्यासारखे म्हणाले, "अगे कागद बघ, समई नको बघू!" हे वाक्य मजकुरात नव्हतं. स्पॉटची सुरुवात आता तिथूनच होते. कोकणी स्पॉटमध्ये ते "कागद पळे गे" म्हणतात, त्यात मला माझे आजोबा ऐकू आले.

टीव्हीच्या स्थानिक वाहिनीवाल्यांनीही विचारलं होतं. बाबांना कॅमेऱ्यासमोर समोरचा फलक वाचावा लागत होता, डोळे सरकताना दिसत होते. तो विषय सोडून दिला.

ग्राहकमित्र, दुकानातल्या दोन्ही मुलांना बसवून स्पॉट ऐकवला. गळकी समई आली तर बिल मागायचं नाही, हे आता गल्ल्यामागे लिहून लावलंय.

---

वाळपईचा_काजूवाला | ५ ऑगस्ट, सकाळी ८:१०

आज सकाळी गाडीत ऐकला! पहिल्याच शब्दाला ओळखलं. "माझ्याकडची असली तरी"नंतर जो थांबा आहे, त्या थांब्यात मी ब्रेकवर पाय ठेवला होता. बाबांना नमस्कार सांगा.

---

अंत्रुजची_लेक | २६ ऑगस्ट, रात्री १०:३०

चवथीच्या गडबडीत इथे यायला वेळ झाला नाही, क्षमा असावी.

विक्री किती वाढली ते अजून मांडलेलं नाही, आणि चवथीला ती दर वर्षी वाढतेच, त्यामुळे स्पॉटमुळे किती हे सांगता येणार नाही. जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहिते. पेडण्याहून एक आजी आल्या, दुसऱ्या दुकानातून पूर्वी घेतलेली समई पिशवीत घालून. त्यांनी बाबांना नाव विचारलं नाही, दुकान हेच का विचारलं नाही. बाबा कोणाशी तरी किमतीचं बोलत होते, ते ऐकून दारातूनच म्हणाल्या, "तूंच मरे तो." मग समई पुढे ठेवून म्हणाल्या, पाणी भर. बाबांनी भरलं. गळत होती. त्यांनी ती कारागिराकडून आटे बसवून दिली, पैसे घेतले नाहीत. मी काही बोलले नाही.

आता गल्ल्याशेजारी पाण्याचा तांब्या आणि जुन्या वर्तमानपत्रांची चळत कायमची ठेवली आहे. लोक स्वतःच भरून बघतात.

दिवाळीला दुसरा स्पॉट करायचा बाबांच्या मनात आहे, कल्हईवर. काय बोलायचं ते मला अजून सांगत नाहीत, त्या दिवशी समोर बसून विचार म्हणतात.

---

ध्वनिमुद्रक_म्हापसा | २७ ऑगस्ट, सकाळी ६:०५

येतो. तेव्हा कौलांवर पाऊस नसेल, पण पंखा बंदच ठेवा. आणि कल्हईवर बोलायचं असेल तर ज्याची कल्हई उडालीय असं एखादं भांडं हातात द्या त्यांच्या.